सासूबाईंची पेटी आणि राणीच्या बागेतला अजबखाना

मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार, तिच्यात नमुन्यांच्या वहीविषयी तुम्हीच लिहा, असे चिटणीसबाईंनी मला दोनदा बजावले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. वाण्याची यादी आणि गावी पाठवायचे पत्र याखेरीज फारसे लिहिलेले नाही. त्यातून इतिहास लिहायचा म्हणजे राजे आणि लढाया आल्या, ते काम शिकल्यासवरल्या बायकांचे, असे मी म्हणून पाहिले. पण पहिला नमुना तुम्हीच टाचलात तेव्हा सुटका नाही, असे उत्तर आले. तेव्हा भगिनींनो, चुकले माकले पदरात घ्या.

ज्यांनी ती वही पाहिलेली नाही त्यांच्यासाठी आधी थोडे सांगते. जाड पुठ्ठ्याची पाने, प्रत्येक पानावर एक वस्तू दोऱ्याने टाचलेली. कुठे अंबाडीचा वाख, कुठे नारळाचा काथ्या आणि शेजारी त्याचाच वळलेला सुंभ, कुठे घायपाताचे पांढरे धागे, सावरीचा कापूस, केळीच्या सोपटाची दोरी, बांबूची बेळे, लाखेचा तुकडा, चिंचोके, हिरडा, पळसाची सुकलेली फुले. खाली त्या वस्तूचे नाव, कोणत्या गावी तिला काय म्हणतात, कोणत्या महिन्यात तोडायची, भिजवायची की वाळवायची, तिचे काय होते आणि हे सांगणारी बाई किंवा बुवा कोण. आजमितीस त्रेचाळीस पाने भरली आहेत.

ही वही निघाली ती मखरामुळे. २०१८ च्या मार्च महिन्यात सरकारने प्लॅस्टिक आणि थर्माकोल यांवर बंदी घातली, हे सर्वांना आठवत असेल. त्या आधीची कित्येक वर्षे आपल्या चाळीच्या गणपतीचे मखर थर्माकोलचे असे. बाजारातून पांढरे ठोकळे आणायचे, तापल्या तारेने कापायचे, सोनेरी कागद चिकटवायचा की झाले. त्या वर्षी मखराचे काम मंडळाकडे आले आणि सभेत प्रश्न निघाला की थर्माकोल नाही तर कशाचे? आम्ही पंधरा-वीस जणी बसलो होतो. कोणी पुठ्ठा म्हणाले, कोणी कापड म्हणाले, त्यापुढे कोणाचीच मजल जाईना. आमच्यातल्या निम्म्या अधिक जणींची माहेरे कोकणात आणि देशावर. आमच्या आयांनी घरातल्या टोपल्या, दोऱ्या, चटया, शिंकी, इरली हाताने केलेली. आणि आम्हाला साधे सांगता येईना की अंबाडीची दोरी कशी निघते!

मी घरी येऊन ही गोष्ट सांगितली तेव्हा सासूबाई पलंगावर बसून वाती वळत होत्या. त्या नुसत्या हसल्या. म्हणाल्या, "माझे पेटयेत सगळा होता गो."

आता ही पेटीची गोष्ट मला लिहिलीच पाहिजे. सासूबाईंचे वडील सावंतवाडीला लाकडी खेळण्यांच्या कामावर जात. लग्न होऊन मुंबईला येताना त्यांनी एक शिसवी पेटी आणली होती. तीत दागिने नव्हते. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे तुकडे, लाखेच्या रंगीत कांड्या, वाखाच्या जुड्या, बिब्बे, रिठे, असल्या वस्तू फडक्यांत गुंडाळून ठेवलेल्या होत्या. तळाला त्यांच्या आईने विणलेल्या केवड्याच्या पातीच्या चटईचा हातभर तुकडा होता. वरून वेखंड घातलेले, त्यामुळे पेटी उघडली की खोलीभर वास येई. २००९ साली आमची खोली रिकामी करून दुसरीकडे बिऱ्हाड हलवायचे ठरले. सासूबाई गावी गेलेल्या. मी सामान आवरायला काढले. पेटी जुनापुराणा माल घेणाऱ्याला दिली आणि आतल्या गाठोड्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. कचराच वाटला मला तो. सासूबाई परत आल्या तेव्हा त्यांनी एकदाच विचारले, "गो, माझी पेटी खंय?" मी सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. पुढे नऊ वर्षे तो विषय निघाला नाही, आणि तो नेमका मखराच्या निमित्ताने निघाला.

पुढल्या वर्षी, २०१९ साली, आपल्या मंडळाची सहल राणीच्या बागेत गेली. दुपारी ऊन चढले म्हणून आम्ही शेजारच्या अजबखान्यात शिरलो. आता त्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणतात, पण आमच्या सासऱ्यांच्या तोंडी अजबखाना हाच शब्द होता. आत कपाटांतून निरनिराळ्या धंद्यांची माणसे, त्यांची अवजारे, मातीच्या छोट्या छोट्या प्रतिकृती. मी त्या पाहत होते आणि माझ्या मुलीने तिथला फलक वाचून दाखवला. तिने वाचले ते ऐकून मी तिथेच एका बाकावर बसले. घरी आल्यावर तिने पुस्तकांतून आणखी काढून वाचले, तेच इथे सांगते.

१८५१ साली लंडनला सर्व देशांच्या कारागिरीचे मोठे प्रदर्शन भरले. हिंदुस्थानातूनही माल गेला. १८५५ साली पॅरिसला तसेच दुसरे भरले. बाहेर पाठवायच्या वस्तूंचे जोड नमुने इथे ठेवून मुंबईत एक कायमचा संग्रह करावा, अशी कल्पना निघाली आणि कोटातल्या टाउन बरॅक्समध्ये तो मांडला गेला. मुंबईतला हा पहिला सार्वजनिक संग्रह. त्यात राजेरजवाड्यांच्या तलवारी नव्हत्या. शेतीचा आणि रानचा माल, धागे, लाकडे, डिंक, रंग आणि त्यांपासून होणाऱ्या वस्तू असा तो पसारा होता. म्हणजे आमच्या सासूबाईंची पेटीच, फक्त मोठी!

मग १८५७ ची धामधूम आली. बराकी शिपायांसाठी हव्या झाल्या. संग्रह घाईघाईने टाउन हॉलमध्ये हलवण्यात आला आणि त्या हलवाहलवीत बराच माल खराब झाला. फलकावरचे हे वाक्य ऐकले नि माझ्या पोटात कालवले. तिथे इंग्रज सरकार आणि इथे मी, पण कारण एकच की जागा हवी होती.

पुढे जे झाले ते मात्र दोघांच्या चिकाटीने झाले. एक डॉ. जॉर्ज बर्डवुड. हे इंग्रज असले तरी जन्म बेळगावचा, १८३२ सालचा. दुसरे आपले डॉ. भाऊ दाजी. भाऊंचे घराणे गोव्याकडचे. त्यांचे वडील गरीब होते आणि मातीच्या बाहुल्या विकत, असे त्यांच्या चरित्रात आहे. हुशार मुलगा म्हणून त्यांना इंग्रजी शिक्षण मिळाले, ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली पहिल्याच तुकडीत ते डॉक्टर होऊन बाहेर पडले, आणि पुढे दोनदा मुंबईचे शेरीफ झाले. एवढा मोठा झालेला माणूस पुन्हा माती, लाकूड, साल आणि मुळ्या यांच्या संग्रहासाठी दारोदार वर्गणी मागतो, याचे मला राहून राहून कौतुक वाटते. बाहुल्यांची माती बोटांना लागलेली असेल, ती डॉक्टर झाल्यावरही धुतली गेली नसेल, असे आपले माझे म्हणणे.

१८५८ साली नव्या इमारतीसाठी सभा भरली. नाना शंकरशेट, डेव्हिड ससून, जमशेटजी जिजीभाईंचे घराणे अशांनी हात दिला, सरकारनेही रक्कम देण्याचे कबूल केले. १८६२ साली पाया घातला. पण १८६५ साली मुंबईचा शेअरबाजार कोसळला आणि भलेभले बुडाले, त्यात भाऊ दाजींचेही फार नुकसान झाले. इमारत रखडत रखडत पुरी झाली आणि २ मे १८७२ रोजी लोकांना खुली झाली. भाऊ दाजी त्यानंतर दोनच वर्षांनी, १८७४ साली वारले. इमारतीला त्यांचे नाव मिळायला १९७५ साल उजाडावे लागले. तोवर ती राणी व्हिक्टोरिया आणि तिचा नवरा यांच्या नावाने चालत होती.

बर्डवुड साहेबांनी आणखी एक काम केले. मुंबई इलाख्यात झाडापाल्यापासून कोणकोणता माल निघतो त्याची यादीच १८६२ साली छापली, आणि १८६५ साली तिची दुसरी आवृत्ती काढली. पुढे जॉर्ज वॅट नावाच्या गृहस्थाने १८८९ पासून १८९३ पर्यंत साऱ्या हिंदुस्थानच्या मालाचा थोरला कोशच काढला. एकेका झाडाला प्रांतोप्रांती काय म्हणतात, त्याचे काय काय होते, हे त्यात दिलेले आहे. हे काम सोपे नव्हे. आम्ही त्रेचाळीस पाने करताना एका अंबाडीवरून दोघींची अबोला धरण्यापर्यंत वेळ आली, तर त्यांचे काय झाले असेल!

हे सगळे ऐकून मी भारावून गेले होते खरी. पण मुलीने आणखी एक गोष्ट वाचली, तिने मनात थोडी अढी पडली. फोर्ब्स वॉटसन नावाचे एक साहेब लंडनच्या इंडिया म्युझियमचे काम पाहत. त्यांनी १८६६ साली हिंदुस्थानातल्या कापडाचे नमुन्यांचे ग्रंथ तयार केले. अठरा खंड, सातशे नमुने, आणि असे वीस संच. नुसती चित्रे नव्हेत. खऱ्या कापडाचे तुकडे कापून पानांवर चिकटवले. पागोटी, लुगडी, धोतरे, मलमल, सारे त्यात. लांबी किती, रुंदी किती, वजन किती, कुठून आले, हे प्रत्येकाखाली लिहिलेले. एकेक संच म्हणजे एकेक संग्रहालयच, असे त्यांचे म्हणणे, आणि ते खोटेही नव्हते. पण वीसांपैकी तेरा संच विलायतेत ठेवले गेले आणि सात हिंदुस्थानात आले. हेतू उघड होता. हिंदुस्थानच्या बायकांना कसला काठ आवडतो, पुरुष केवढे पागोटे बांधतात, हे तिकडच्या गिरणीवाल्यांना कळावे आणि त्यांनी तसा माल काढून इथे विकावा. सातशे नमुन्यांवर विणणाऱ्याचे नाव मात्र नाही.

आमचे सासरे गिरणीत होते. त्यांच्या खात्यातही कापडाचे तुकडे चिकटवलेली जाड पुस्तके असत, असे ते सांगत, आणि त्यांवरही नंबर असे, नाव नसे. तेव्हा मी आपल्या वहीसाठी एक नियम मनाशी धरला की सांगणाऱ्याचे नाव घातल्याखेरीज पान पुरे म्हणायचे नाही. पहिल्या सभेत काही जणींना हे जास्तीचे वाटले होते. दोरी ती दोरी, नावाने काय होणार, असे एकीने विचारलेही. त्याचे उत्तर बांबूने दिले, ते पुढे येईल.

नमुना राहिला आणि माहिती गेली तर काय होते, हे रंगांच्या बाबतीत दिसते. आपल्याकडे वऱ्हाड-खानदेशात आल नावाचे झाड लावत. त्याच्या मुळीपासून तांबडा रंग होई. मंजिष्ठाचाही तांबडाच. १८६९ च्या सुमारास युरोपात तो तांबडा रंग कारखान्यात करण्याची युक्ती निघाली आणि १८९७ साली जर्मनीतून कारखान्यातली नीळ बाजारात आली. थोड्या वर्षांत शेतेच्या शेते मोडली. रंगाऱ्याला स्वस्त डबा मिळाला तर तो मुळ्या कशाला कुटील? त्याचा दोष नाही. पण दोन पिढ्यांत मुळी किती वर्षांची खणायची, पाणी कसले घ्यायचे, हे विचारायला माणूस उरत नाही.

उलट, थोडे जरी नीट ठेवलेले असले तरी ते कसे उपयोगी पडते पाहा. ढाक्याची मलमल आपण गोष्टींत ऐकतो. ती ज्या कापसाची होई त्या झाडाला तिकडे फुटी कार्पास म्हणतात. तो धंदा इंग्रजी अमलात बुडाला आणि ते झाड कोणते हेही लोक विसरले. अलीकडे बांगलादेशातल्या मंडळींनी त्याचा शोध घेतला. लंडनच्या संग्रहालयात मलमलीचे जुने कापड जपलेले होते, आणि क्यू येथील बागेत त्या झाडाची वाळवलेली पाने जपलेली होती. त्या क्यूच्या बागेत १८४७ पासून असल्या मालाचे संग्रहालय आहे आणि आज तिथे लाखभर वस्तू आहेत. त्या जुन्या तुकड्यांशी आणि पानांशी रानातली झाडे ताडून पाहता पाहता जवळचे झाड सापडले, लावले, आणि पुन्हा मलमल विणली गेली. जी पाने तिकडे नेली म्हणून आपण चिडावे, त्याच पानांनी झाड परत दिले. माझ्या मनातली अढी यामुळे पुरती गेली असे नाही, पण थोडी सैल झाली.

आणि आमच्या सावंतवाडीची गोष्ट तर याहून जवळची. गंजिफा म्हणजे खेळायची गोल, रंगवलेली पाने. जुनी गंजिफा संग्रहालयांत पुष्कळ आहे. पण १९७० च्या सुमारास ती करणारे पुंडलिक चितारी हे एकच वृद्ध कारागीर उरले होते. सावंतवाडीच्या राणीसाहेब सत्त्वशीलादेवी भोसले आणि राजेसाहेब शिवरामराजे यांनी त्यांच्याकडून ती कला शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारागीर बसवले. चिंचोक्याची खळ किती दाट शिजवायची, खडूचा लेप कसा चढवायचा, दगडाने घोटायचे किती, लाख कधी द्यायची, हे कपाटात ठेवलेल्या पानाकडे कितीही पाहिले तरी कळत नाही. ते म्हाताऱ्याच्या शेजारी बसूनच कळते. सासूबाईंना ही गोष्ट सांगितली तर म्हणाल्या, राणी असून शिकली, आणि माझी सून बघ! मी काय बोलणार?

असो. त्यानंतर सासूबाई शेजारी बसून सांगत आणि मी लिहून घेई. पहिले पान अंबाडीचे. फुलावर आली की कापायची, जुड्या बांधून साचल्या पाण्यात दगडाखाली बुडवायच्या, दहा-पंधरा दिवसांनी साल सुटते, मग ओढून काढायची आणि वाहत्या पाण्यात धुवायची. पाण्याला घाण वास येतो म्हणून ओहोळाच्या खालच्या अंगाला बुडवायची, वर गावाचे पिण्याचे पाणी असते. असले बारीक बारीक त्या सांगत गेल्या. काथ्यासाठी नारळाची सोडणे खारट पाण्यात महिनोन्‌महिने मुरवायची आणि मग मोगरीने कुटायची. लाखकाम झाल्यावर केवड्याच्या पानाने घासले की तकाकी येते. मंडळातल्या इतरांनीही आपापल्या घरच्या म्हाताऱ्यांना बोलते केले. साताऱ्याकडच्या एका मावशींनी घायपात आणले, पालघरच्या आजींनी बांबूची आणि गवताची पाने भरून दिली.

बांबूने मात्र आमची फजिती केली. पहिल्या पावसाळ्यानंतर वही उघडली तर बांबूच्या बेळांना भोके पडलेली आणि खाली पिठासारखा भुगा! शेजारच्या काथ्यालाही बुरशी. आम्ही चपापलो. बेळे आम्ही बाजारातून आणलेली, सांगणाऱ्याचे नाव नव्हतेच, म्हणून विचारायलाही कोणी नाही. मग कोपऱ्यावरच्या बुरूडकाकांकडे ती घेऊन गेलो. त्यांनी एक बेळ दातांखाली धरले आणि म्हणाले, "ताई, हा पावसाळ्यात तोडलेला कोवळा बांबू. कोवळा बांबू गोड असतो, किड्याला तेच हवं असतं." बांबू तीन वर्षांचा तरी असावा, थंडीत तोडावा, अंधाऱ्या पंधरवड्यात तोडावा, आणि पाण्यात बुडवून ठेवून मग वाळवावा, असे त्यांनी सांगितले. अंधाऱ्या पंधरवड्याचे कारण काय असेल ते असो, पण पाण्यात बुडवण्याचे मला पटले. आतला गोडवा आणि पीठ पाण्यात निघून जाते, मग किड्याला खायला उरत नाही. त्यांनी दिलेली बेळे आजही धड आहेत. त्या पानावर त्यांचे नाव आहे, आणि नावाने काय होणार असे विचारणाऱ्या भगिनीनेच ते आपल्या हाताने लिहिले. आता वहीच्या पेटीत कडुनिंबाचा पाला आणि वेखंड असते, आणि दर महिन्याला एकजण ऊन दाखवते. या कामात पाळ्या चुकतात, तेवढे मात्र सुधारले पाहिजे.

मखराचे सांगायचे राहिलेच. यंदाचे मखर बांबूच्या कामट्यांचे आणि केळीच्या दोरीचे झाले, कळसाला सावरीचा कापूस. एका कोपऱ्यात थोडे कलले होते, ते फोटोतही दिसते.

त्रेचाळीस पाने भरली म्हणून वर सांगितले, पण वहीत चव्वेचाळिसावे पान आहे आणि त्यावर नुसते नाव आहे: केवड्याच्या पातीची चटई, काठ. पातीचे काटे काढून, उकळून, वाळवून पट्ट्या करायच्या आणि कोपऱ्यापासून विणायला घ्यायचे, इथपर्यंत सासूबाईंनी करून दाखवले. काठाला पट्ट्या मुडपून बंद करण्याची त्यांच्या आईची एक वेगळी रीत होती. तिथे आल्या की त्यांचे हात थांबतात. दोनदा उसवून पाहिले. "तुकडो असतो तर बघून केलंय असतंय," म्हणाल्या, आणि चटई बाजूला ठेवली. ती तशीच, काठ न झालेली, पलंगाखाली आहे.

कोणाच्या माहेरी, माळ्यावर किंवा जुन्या ट्रंकेत असली चटई असेल, फाटकी का होईना, तर तिचा काठ तेवढा मला दाखवावा. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तीनपासून मी मंडळाच्या खोलीत असते, आणि पायऱ्या चढवल्या तर सासूबाईही येतात.